चालू असताना कुणी बघितला

"बाई, लॅपटॉप तुम्ही बंद पाडलात," हेडसर म्हणाले.

प्रार्थना नुकतीच संपली होती. ऑफिसातल्या टेबलावर, लाल मखमलीच्या कापडावर लॅपटॉप पडला होता आणि त्याच्याभोवती आम्ही चौघं उभे होतो, दवाखान्यात खाटेभोवती नातेवाईक उभे राहतात तसे. घुटुकडे हेडसर, गणित-विज्ञानाचे मेटकरी सर, शिपाई हरिबामामा आणि मी. मी म्हणजे प्रमिला लांडगे, उंबरटेकच्या श्री बिरोबा विद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवणारी. तासिका तत्त्वावर म्हणजे दर जूनला हेडसरांच्या तोंडाकडं बघत बसायचं. ऑर्डर काढली तर बाई, नाही काढली तर घरी भाकरी थाप.

"मी बंद नाही पाडला सर. काल शाळा सुटल्यावर बटण दाबलं, तो चालू झाला नाही. तेच सांगायला आले."

"म्हणजे तुम्ही दाबल्यावर बंद पडला."

"बंदच होता."

"अहो, बंद होता म्हणूनच बटण दाबायचं असतं ना? चालू असता तर तुम्ही दाबलं कशाला असतं?"

या युक्तिवादाला मेटकरी सरांनी मान डोलावली. हा माणूस चाळीस पोरांना तर्कशुद्ध विचार शिकवत होता.

तो लॅपटॉप साधासुधा नव्हता. पुण्यात मोठे झालेले आमचे माजी विद्यार्थी सर्जेराव खिलारे साहेब यांनी तो दोन वर्षांपूर्वी मंडप घालून, फेटे बांधून शाळेला भेट दिला होता. हेडसरांच्या खुर्चीमागं त्या समारंभाचा फोटो होता. साहेब देतायत, हेडसर घेतायत, लॅपटॉप दोघांच्या मधे, आणि दोघंही कॅमेऱ्याकडं बघतायत. लॅपटॉपकडं कुणाचंच लक्ष नाही.

फोटो निघाल्यावर लॅपटॉप लोखंडी कपाटात गेला. कबड्डीच्या करंडकाशेजारी. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा शाळेत नियमच होता. वर्षातनं एकदा, खंडेनवमीला, तो बाहेर निघायचा. फावडी, विळे, प्रयोगशाळेचा तराजू यांच्या रांगेत त्याला मधोमध मान. पूजेला तो उघडाच ठेवायचे, कारण झाकलेल्या देवाला पूजा पोचत नाही असं हेडसरांचं मत. हळदीकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. बाजूला एक आडवी खाच होती, तिच्यात उदबत्ती बरोबर बसायची. झाकणावर मेटकरी सरांनी अष्टगंधानं सरस्वती काढली होती, ती अजून होती.

आता खिलारे साहेब आपल्या लॅपटॉपनं शाळेची किती प्रगती झाली ते बघायला येणार होते. आजच, अकरा वाजता. नववीच्या मुलांना लॅपटॉपवर रायगडाची फिल्म दाखवायची आणि साहेबांनी ती मुलं बघताना बघायची, असा बेत. त्यासाठी गेल्या सोमवारी हेडसरांनी सगळ्यांसमोर कपाटाची चावी माझ्या हातात ठेवली. "बाई तरुण आहेत. नव्या पिढीनं जबाबदारी घेतली पाहिजे." मेटकरी सरांनी टाळ्या वाजवल्या. मी मूर्ख, मला मान वाटला. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चावी दिली म्हणजे कायम करत्यात बघ." मी सासूबाईंच्या पायासुद्धा पडले त्या आनंदात. वर्गात पोरींना सांगितलं, रायगड दाखवते. त्या रोज विचारायच्या, बाई, कवा?

आणि आता हे.

"सरका जरा," मेटकरी सर बाह्या सारून पुढं आले. "यंत्राचं एक शास्त्र असतं."

त्यांचं शास्त्र असं. आधी बटण हळू दाबलं. मग जोरात दाबलं. मग दाबूनच धरलं, अंगठा पांढरा होईपर्यंत. मग चार्जर लावला. चार्जरच्या डबीवर हिरवा दिवा लागला.

"करंट येतोय," सर म्हणाले. "म्हणजे दोष करंटमध्ये नाही."

"मग कशात आहे?"

"ज्यात करंट जातोय त्यात."

हेडसरांना बरं वाटलं. शास्त्रीय कारण सापडलं होतं.

मग बॅटरी काढली, फुंकली, सदऱ्याला पुसली, परत बसवली. बॅटरी काढून लॅपटॉप हातात घेतला तेव्हा मीच म्हणाले, "सर, हा फार हलका नाही का वाटत?"

"नवीन मॉडेल हलकंच असतं बाई. विज्ञान जितकं पुढं जातं तितकं वजन कमी होतं."

"ओल धरली असंल," हरिबामामा म्हणाले. "पापडावाणी उन्हात घातला तर?"

घातला. व्हरांड्याच्या कठड्यावर, मखमलीसकट. मामा कावळे हाकत शेजारी बसले. हेडसर आत-बाहेर करत होते. थोड्या वेळानं लॅपटॉप चांगला तापला. त्याला सावलीत आणून बटण दाबलं. काही नाही. मामांनी त्याच्यावरनं मीठ-मोहरी ओवाळून टाकली. हेडसर चिडले, "हरिबा, शाळा आहे ही," असं म्हणाले, आणि मोहरी पूर्ण टाकून होईपर्यंत गप्प उभे राहिले. मग बटण त्यांनी स्वतः दाबलं. काही नाही.

मग त्यांनी टेबलाच्या खणातनं एक कागद काढला. म्हणजे कागद आधीच तयार होता.

"बाई, यावर सही करा. 'माझ्या हाताळणीतील निष्काळजीपणामुळे' वगैरे आहे. फॉर्मॅलिटी."

"मी नाही करणार."

"साहेब अकराला येतायत. कुणाच्या तरी हातनं बिघडला पाहिजे ना? आपोआप कसा बिघडेल?"

"मग माझ्याच हातनं का?"

"चावी कुणाकडं आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मान कसला, गळ्यात धोंड बांधली होती माझ्या.

"बाई, जूनची ऑर्डर मी काढतो," हेडसर म्हणाले. आवाज अगदी मऊ. "सही केलीत तर मला तुमच्यासाठी साहेबांकडं शब्द टाकता येईल. नाही केलीत तर मला काही करता येणार नाही."

माझं डोकं फिरलं. गरीब बिचारी म्हणून कुणी माझ्याशी मऊ बोलायला लागलं की माझं फिरतंच.

"करते सही," मी म्हणाले. "एकच सांगा. हा चालू असताना कुणी बघितला?"

"म्हणजे?"

"मी बंद पाडला ना? म्हणजे माझ्या आधी चालू होता. चालू असताना तुमच्यापैकी कुणी बघितला?"

"मेटकरींनी," हेडसर लगेच म्हणाले.

"मी?" मेटकरी सर दचकले. "मी कुठं? सर, तुम्ही बघितला असेल."

"मला वाटलं तुम्ही."

"मला वाटलं तुम्ही."

दोघंही हरिबामामांकडं वळले. मामा टोपी काढून ती झटकत बसले.

मेटकरी सरांनी घसा साफ केला.

"आता विषय निघालाच आहे तर," ते म्हणाले. "मागच्या दिवाळीत मी तो घरी नेला होता. सुट्टीत. चावी हरिबाकडनं घेतली."

"कशाला?"

"थोरलीला बघायला पाहुणे येणार होते. म्हटलं टीपॉयवर असावा. घरात लॅपटॉप दिसला की वजन पडतं. तर पाहुण्यातला एकजण म्हणाला, लावा की सर, बघू तरी. मी बटण दाबलं. नाही लागला. मी म्हटलं, लाईट गेलीय."

"गेली होती?" मी विचारलं.

"डोक्यावर पंखा फिरत होता बाई." सरांनी डोळे मिटले. "पाहुणे पंख्याकडं बघत राहिले. लग्न मोडलं ते मोडलंच, वर हा आपल्या हातनं बिघडला म्हणून मी आजपर्यंत झोपलो नाही. म्हणूनच म्हणत होतो, कुणी हात लावू नका, कुणी हात लावू नका."

"अरेरे," हेडसर म्हणाले, पण त्यांचा चेहरा एकदम फुलला होता. खुर्चीत ते जवळजवळ उसळलेच. "म्हणजे दिवाळीतही बंद होता? अहो मेटकरी, मग तो तुमच्या हातनं नाही गेला. तो त्याच्या आधी उन्हाळ्यात माझ्या हातनं गेला."

"काय सांगता सर."

"पोरीचा बारावीचा निकाल होता. म्हटलं तालुक्याला कशाला जा, इथंच बघू."

"पण सर, शाळेत इंटरनेट कुठंय?"

"ते आतच असतं ना?" हेडसर म्हणाले. मेटकरी सर छताकडं बघायला लागले. "असो. दाबलं, लागला नाही. शेवटी निकाल बघायला तालुक्यालाच गेलो. तेव्हापासून मी चावी हरिबाशिवाय कुणाला देत नव्हतो, तुम्हीच हरिबाला गाठलंत. वाटायचं, मी रिटायर होईपर्यंत हा कपाटात राहावा."

मेटकरी सरांच्या अंगातनं वर्षभराचा ताप उतरत होता. ते पाणी प्यायले. दोघं एकमेकांकडं बघून हसले, जत्रेत चुकलेले भाऊ भेटावेत तसे.

"सर," हरिबामामा म्हणाले.

"तू पण?"

"फंक्शनच्या सांजंला. समद्यांचं हात लागलं हुतं, गुलाल पडला हुता, म्हणून फडक्यानं पुसला. फडकं वलं हुतं. मग मनात आलं, पेटतोय का बगावं. न्हाई पेटला." मामांनी कानाची पाळी धरली. "म्हटलं, देवा, पयल्याच दिवशी घालवला. दोन वर्सं बिरुबाला सोमवार धरतुय. लॅपटॉपसाटनं."

"म्हणजे हरिबानं," हेडसर म्हणाले. आता ते पूर्ण मोकळे झाले होते. "सापडलं. ओलं फडकं."

"आणि त्याच्या आधी?" मी विचारलं.

"आधी काय?"

"मामांनी दाबलं तेव्हाही तो लागला नाही. त्याच्या आधी दुपारी तो कुणाच्या हातात होता?"

तिघांनीही एकदम भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. लगेच नजर खाली.

"तिथं थांबायचं बाई," हेडसर म्हणाले. "त्याच्या मागं जायचं नाही."

"का?"

"कारण त्याच्या मागं साहेब आहेत." त्यांनी कागद परत माझ्यापुढं सरकवला. "हरिबाची दोन-चार वर्षं राहिलीत. मेटकरींच्या पोरीचं लग्न व्हायचंय. माझी पेन्शन आहे. तुमचं काय, तुम्ही तासिकेवर. तुम्हाला गमावायला आहेच काय?"

हे त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. मला त्याच प्रामाणिकपणाचा संताप आला. माणूस वाईट असता तर शिवी देऊन मोकळी झाले असते.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. साहेब लवकर आले होते. मोठी माणसं वाट बघायला लावतात तेव्हा उशिरा येतात आणि पकडायला येतात तेव्हा लवकर.

सभागृह म्हणजे आमचे दोन वर्ग, मधली लाकडी फळी काढलेले. नववीची मुलं मांडी घालून बसली होती. खिलारे साहेब पांढऱ्या कपड्यात, गळ्यात शाल, शेजारी एक टापटीप तरुण पीए मोबाईल उगारून उभा. पुढं टेबल, टेबलावर मखमल, मखमलीवर लॅपटॉप. उन्हात घातल्यामुळं अजून कोमट.

"बाई, लावा तुमचा रायगड," साहेब म्हणाले. "बघू द्या पोरांना. आमच्या काळी असलं काही नव्हतं."

"साहेब," हेडसर त्यांच्या कानाशी वाकले. कुजबुज अशी की शेवटच्या ओळीला ऐकू जावी. "जरा अडचण झालीय. काल बाईंच्या हातनं..."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग मुलांकडं. मग पीएच्या मोबाईलकडं.

"हेच," ते म्हणाले. "हेच मी पुण्यात सांगत असतो. गावाकडच्या लोकांना वस्तू द्यायला आपण तयार आहोत. पण वापरायची अक्कल कुठनं द्यायची? फुकट मिळालं की किंमत नसते." मग हेडसरांना, "असली माणसं ठेवता कशाला तुम्ही?"

"जूनपासनं नाही ठेवत साहेब."

झालं. ऑर्डर गेली. जून यायचा होता, पण माझा जून तिथंच, त्या सभागृहात येऊन गेला. घरी नवऱ्याला काय सांगायचं, सासूबाईंच्या पाया पडले होते त्याचं काय करायचं, सगळं एकदम डोक्यातनं गेलं. आणि पुढच्या ओळीतनं एक पोरगी म्हणाली, "बाई, मग रायगड न्हाई?"

"मामा," मी म्हणाले, "टेस्टर द्या."

शाळेचा फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मामांच्या खिशात पिवळ्या मुठीचा टेस्टर कायम असायचा. मामांनी हेडसरांकडं बघितलं. हेडसरांनी डोळ्यांनी नको म्हटलं. मामांना दोन वर्षांचे सोमवार आठवले असावेत. टेस्टर माझ्या हातात आला.

मी लॅपटॉप उताणा केला आणि स्क्रू पिळायला लागले.

"काय करताय?" साहेब म्हणाले.

"बिघडवलाय ना मी? मग बघते काय बिघडवलं ते."

स्क्रू फार नव्हते. दोन तर बोटानंच निघाले, जणू त्यांना सवय होती. पाठ उचलली. मुलं गुडघ्यांवर उठली. पीए मोबाईल घेऊन जवळ आला, त्याच्या साहेबांच्या लक्षात यायच्या आत.

आत काही नव्हतं.

म्हणजे लॅपटॉपचं असं काही नव्हतं. कापलेल्या वायरीचे दोन तुकडे आणि मोकळी जागा. जे होतं ते आमचं होतं. दोन खंडेनवम्यांचं कुंकू. अक्षता. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. सीडी घालायच्या यंत्राच्या जागी नुसती खाच होती, तिच्यात खोचलेल्या उदबत्त्यांची राख. मी ते टरफल उचलून टेबलावर आपटलं आणि मखमलीवर आमच्या श्रद्धेची रास पडली.

सभागृहात कुणी शिंकलंसुद्धा नाही. मग नेमकी कुंकवानं मीच शिंकले.

"साहेब," मी म्हणाले, "हा चालू असताना कुणी बघितला?"

"आमच्या ऑफिसात चांगला चालू होता," साहेब म्हणाले. पण आवाज शाल पांघरल्यासारखा येत होता. ते पीएकडं वळले. "काय रे, चालू होता ना?"

"सर, मी त्यानंतर जॉईन झालो," पीए म्हणाला.

हेडसर उठले. त्या माणसाला मी आयुष्यभर नावं ठेवली, पण त्या दिवशी तो जे बोलला त्याला तोड नाही. ते मुलांसमोर उभे राहिले, हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मुलांनो, आजचा पाठ. लॅपटॉपची अंतर्गत रचना. बाईंनी ती अत्यंत धाडसानं दाखवली. टाळ्या."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हटलं की आमची मुलं वाजवतात, ती सवय शाळेनं नीट लावलेली. साहेबांनीही वाजवल्या, सगळ्यात जोरात.

मागच्या ओळीतला एकजण उठला. "सर, पण आत तर कायच न्हाई."

मेटकरी सरांनी पापणी लववली नाही. "मोकळी जागा असते म्हणूनच तर त्यात एवढी माहिती मावते. बस खाली."

साहेबांनी चहा घेतला नाही. पीएच्या मोबाईलमधलं काय काय पुसायचं याची चर्चा करत दोघं गाडीत बसले. त्यांना बांधायला आणलेला फेटा तसाच परातीत राहिला.

आठवड्याच्या आत शाळेत खोकं आलं. नवाकोरा लॅपटॉप, सीलबंद. हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. मेटकरी सर आणि मामा आधीच उभे होते.

"साहेबांनी पाठवलाय," हेडसर म्हणाले. "त्या दिवशीचं बाहेर कुठं बोलू नका म्हणालेत. आणि तुमची जूनची ऑर्डर काढतोय मी. पुढच्या जूनची पण निघेल."

"खरं बोलले म्हणून?"

"पुन्हा बोलू नये म्हणून." माणूस प्रामाणिक होता, ते मी आधीच सांगितलंय.

मी बटण दाबलं. पडदा उजळला. आतनं वाऱ्यासारखा बारीक आवाज आला. चौघांची तोंडं निळ्या उजेडात उजळून निघाली. मामांनी हात जोडले. मेटकरी सर म्हणाले, "बघा, वजन आहे याला."

"सगळ्यांनी नीट बघून ठेवा," मी म्हणाले. "चालू असताना आपण चौघांनी बघितला."

"बघितला," हेडसर म्हणाले. "चांगला चालू आहे." मग त्यांनी तो बंद केला. झाकणावर हळदीकुंकवाची दोन बोटं लावली. लाल मखमलीत गुंडाळला, करंडकाशेजारी ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"सर, आता का?"

"आता चालू आहे ना बाई. आता बिघडायला नको."

बंद होता तेव्हा चावी माझ्या गळ्यात घातली होती. चालू झाल्यावर ती हेडसरांनी स्वतःच्या जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली, आणि रिटायर होईपर्यंत सोडली नाही. तोवर मी कायम झाले होते. ते कुलूप त्या सगळ्या वर्षांत एकदाही, अगदी खंडेनवमीलासुद्धा, उघडलं नाही, हे त्यांनी निरोपाच्या भाषणात अभिमानानं सांगितलं. मुलं हसली. का हसली ते त्यांना कळलं नाही.

नवा लॅपटॉप आला त्या दिवशी, कुलूप लागल्यावर, मी व्हरांड्यात आले. नववीच्या पोरी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. मला ते सहन झालं नाही. मी मामांना गाठलं.

"मामा, टेस्टर आहे का?"

"खिशातच हाय," मामा म्हणाले. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. "पर कुलपाच्या नादी लागू नका बाई. कपाटाच्या बिजागऱ्या मी मगाशीच ढिल्या करून ठिवल्यात."